गोधडीची चौथी बाजू

"चांगला नवा कपडा नासवायचा, आन् वर लोकांना सांगायचं का जुना हाय. देवाला तरी पटंल का ह्ये?"

विहीणबाई, म्हणजे माझ्या जावयाच्या आई कमळाबाई, माझ्या कानाशी पुटपुटल्या. समोर माझे यजमान इस्त्री करत बसले होते आणि व्याह्यांसमोर आवाज चढवायचा नाही ही त्यांची पद्धत. पुटपुटण्यावर मात्र त्यांच्या पद्धतीत कसलीच बंदी नाही. आम्ही दोघी एकाच गोधडीच्या एकाच काठाला गुडघ्याला गुडघा लावून बसलो होतो, त्यामुळे माझ्या डाव्या कानाला सकाळपासून उसंत नव्हती.

कारण न्हाणीघरातली बादली. तिच्यात चहाचं पाणी होतं, बिनदुधाचं, बिनसाखरेचं, आणि त्यात पांढरं कापड भिजत पडलं होतं. थोडा वेळ ठेवलं की कापडाला किंचित पिवळट छटा येते आणि ते वर्षानुवर्षं अंगावर घेतल्यासारखं दिसायला लागतं. हे मला कुणी शिकवलेलं नाही. शिवणातलं काहीच मला कुणी शिकवलेलं नाही. एकदा यजमानांच्या हातून कप कलंडला. मी तोंड उघडून ओरडायच्या तयारीत होते, तेवढ्यात लक्षात आलं, डाग चांगला दिसतोय.

असलं कापड हल्ली लोकांना आवडतं. त्याला व्हिंटेज म्हणतात. तो शब्द मी माझ्या लेकीकडून, प्रांजलकडून शिकले. विहीणबाई माझ्याकडून शिकल्या आणि त्यांच्या तोंडी त्याचं 'इंटेज' झालं. पनवेलच्या बाजारात महमूदभाईंचं कापडाचं दुकान आहे. आमच्या लहानपणी परकर-पोलक्याला असायची तसली बारीक फुलांची, ठिपक्यांची, कोयऱ्यांची कापडं त्यांच्याकडे मिळतात. कोरी करकरीत, पण छापतानाच विटकी छापलेली. गठ्ठा उलगडताना महमूदभाई म्हणतात, "भाभी, रंग जाण्याची फिकर करू नका. गेलेलाच आहे."

मी त्या कापडांचे चौकोन कापते. यजमान, म्हणजे दयाराम, ते इस्त्री करतात. बंदरातल्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर महिनाभर ते गॅलरीत उभे राहून खालच्या रिक्षावाल्यांना सूचना देत होते, म्हणून मी त्यांच्या हातात इस्त्री दिली. प्रांजल गोधड्यांचे फोटो काढून फेसबुकवर टाकते. मग बंगळूरहून, पुण्याहून, कुठून कुठून बायका विचारतात. आमच्या नवीन पनवेलच्या दोन खोल्यांत दिवाणावर, दिवाणाखाली, फ्रीजवर, सगळीकडे गोधड्याच गोधड्या.

आता नेऱ्याकडच्या एका फार्महाऊसची मोठी ऑर्डर होती. प्रत्येक खोलीत एकेक गोधडी, सगळ्या जुन्या दिसणाऱ्या. म्हणून मी विहीणबाईंना मदतीला बोलावलं. त्या राहतात नेऱ्यालाच, थोरल्या मुलाकडे. सहा आसनी रिक्षातून येताना पावट्याच्या शेंगांची पिशवी आणि तक्रार, दोन्ही घेऊन आल्या.

"माज्या बांदाला लागून बंगला बांधलान तिनं. आन् गोधरी हवी तं पनवेलास ईनबाईंकडं. वाटंत माजं घर दिसलं नाय तिला."

ईनबाई म्हणजे मी. विहीण या शब्दातला 'वि' त्यांनी आजवर उच्चारलेला नाही.

"तुम्ही तिला जुनी खरीखुरी गोधडी दाखवली असती तर तिनं नाक मुरडलं असतं," मी म्हटलं. "त्यांना जुनं दिसणारं नवं हवं असतं. खरं जुनं नको असतं."

"म्हंजी मानसांसारखंच की."

यजमान हसले. व्याह्यांनी हसलेलं विहीणबाईंना आवडतं, पण त्या तसं दाखवत नाहीत. त्यांनी पदर डोक्यावर ओढला आणि एक टाका जोरात ओढला.

तशा आम्ही दोघी एकमेकींना धरून आहोत. लग्नात त्यांनी मानपानावरून मला रडवलं होतं, मी जेवणावळीत त्यांच्या भावाला उशिरा वाढून त्याचा बदला घेतला होता. त्यानंतर फिट्टंफाट. पण एक गोष्ट फिटत नाही. त्या मुलाच्या आई आहेत आणि मी मुलीची. आता काळ बदलला असं सगळे म्हणतात, टीव्हीवर तर रोजच म्हणतात. तरीही त्या दारात आल्या की मी आधी उठून उभी राहते. गुडघा दुखत असला तरी. हे मला कुणी करायला लावत नाही. पायच आपले आपण उठतात.

आणि याच पायांमुळे, गेले कित्येक महिने, मला एक वाक्य बोलता येत नव्हतं.

ते वाक्य समजायला त्यांच्या घरची एक रीत सांगायला हवी. बाळाची गोधडी त्यांच्याकडे बाळंतपणाच्या आधी करायला घेतात, पण तीनच बाजू शिवतात. चौथी उघडी ठेवतात. बाळ झालं, नीट रडलं, की मग आजी ती बाजू शिवून टाकते. "दार आदीच लावलं तं बाल येनार कुटून?" असं विहीणबाईंनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी मान डोलावली, मनात हसलेही. पुढे हसू गेलं. पुढे मीही त्या उघड्या काठावर हात ठेवून डोळे मिटायला लागले.

प्रांजल आणि भावेशच्या लग्नाला सात वर्षं झाली होती. या सात वर्षांत अशा तीन गोधड्या झाल्या. पहिली फार सुंदर. तिला माझी सुती पातळं होती, विहीणबाईंची लुगडी होती, भावेशच्या लहानपणच्या अंगरख्याचा खिसासुद्धा होता. तीन बाजू शिवून तयार होत्या. पाचव्या महिन्यात सगळं संपलं. दुसरी आम्ही साधी केली, नजर लागू नये म्हणून. तिलाही तीन बाजू होत्या. तिसरीची दुसरी बाजू अर्धी झाली असताना वाशीच्या हॉस्पिटलातून भावेशचा फोन आला. विहीणबाईंनी सुई तशीच कापडात टोचून ठेवली. अजून ती तिथेच आहे, गंजलेली.

तिन्ही गोधड्या एका अभ्र्यात घालून माझ्याकडे कपाटावर ठेवल्या होत्या. प्रांजलच्या घरी नकोत, तिच्या डोळ्यांसमोर. नेऱ्याला नकोत, तिथे येणारी-जाणारी फार. शेवटी आईच्या घरी. सगळं शेवटी आईच्याच घरी येतं.

आणि आता येत्या सोमवारी वाशीच्या त्याच हॉस्पिटलात चौथ्यांदा उपचारांना सुरुवात करायची होती.

प्रांजल मला म्हणाली नव्हती की मी जाणार नाही. तिचं नाव आम्ही मोठ्या हौसेनं ठेवलं, पण मनातलं सरळ बोलून टाकणं तिला कधी जमलं नाही. तिसऱ्या वेळेनंतर ती इथे आली तेव्हा मी जमिनीवर गोधडी अंथरून कच्चे टाके घालत होते. ती तशीच तिच्यावर आडवी झाली, टाचण्यांच्या मधोमध. पोटावर सुयांचे निळे-काळे डाग होते. मी म्हटलं, टोचेल गं. ती म्हणाली, "सवय आहे." तेवढंच. पण तेव्हापासून विहीणबाईंनी 'यंदा' हा शब्द उच्चारला की ती माझ्याकडे बघते. आणि मी कापडाकडे बघते.

भावेशने एकदा खाली स्कूटरपाशी माझ्या यजमानांना सांगितलं होतं, "पप्पा, मला आता त्या हॉस्पिटलच्या लिफ्टचीसुद्धा भीती वाटते. पण आमच्या आईला कोण सांगणार?" यजमानांनी वर येऊन मला सांगितलं. मी म्हटलं, तुम्ही सांगा, तुमच्यासमोर त्या आवाज चढवत नाहीत. ते म्हणाले, हा बायकांचा विषय आहे. आणि चौकोनांवर पाणी शिंपडायला लागले.

म्हणजे सगळ्यांना सगळं ठाऊक. फक्त विहीणबाईंना सांगायचं बाकी. आणि त्या काल रात्री फोनवर म्हणाल्या होत्या, "उद्या येताना लुगडं आनते. सोमवारच्या आदी दोन टाके पडाया पायजेत."

तर त्या दिवशी दुपारी, शेंगा उकडून खाऊन झाल्यावर, त्यांनी पिशवीतून ते लुगडं काढलं. अर्धंच राहिलं होतं. हिरवं असावं कधीकाळी. धुऊन धुऊन इतकं मऊ झालं होतं की हातात घेतलं तरी हात रिकामाच वाटत होता.

"ह्यो बघा खरा इंटेज," त्या म्हणाल्या. "चा नाय, काय नाय."

"छान आहे," मी म्हटलं.

"माज्या सासूचं. भावेशला ह्येच्यातच गुंडालला व्हता." त्यांनी ते मांडीवर पसरलं. "पयली गोधरी काढा बघू. तिचं माप बरोबर व्हतं. तशीच करू."

"आधी ही ऑर्डर होऊ द्या ना."

"आर्डर काय पलून जाते? त्या बाईला थंडीत गोधरी लागंल. आपल्याला सोमवारी."

"चहा टाकू?"

"कपड्याला का मानसाला?"

यजमान पुन्हा हसले आणि मग मी त्यांच्याकडे बघितल्यावर हसायचे थांबले. त्यांना स्टूल घ्यायला सांगितलं. ते कपाटावरून अभ्रा काढेपर्यंत मी मनातल्या मनात वाक्य जुळवत होते. विहीणबाई, एक बोलू का. विहीणबाई, राग मानू नका. विहीणबाई, प्रांजलच्या मनात. प्रत्येक वाक्याला सुरुवात होती. पुढचं सापडत नव्हतं.

विहीणबाईंनी अभ्र्यात हात घातला. हातानेच ओळखतात त्या, डोळ्यांना आता नीट दिसत नाही. एक काढली, ती गंजक्या सुईची. दुसरी काढली, साधी. मग हात आत फिरत राहिला. मग त्यांनी अभ्रा उलटा केला.

"पयली कुटं हाय?"

"आतच असेल की."

"नाय."

"मी इस्त्री नाही केली तिची," यजमान घाईने म्हणाले, जणू त्यांच्यावरच आळ आला होता.

मग शोधाशोध सुरू झाली. दिवाण उघडला. ऑर्डरच्या गोधड्या एकेक करून झटकल्या. कपाट रिकामं केलं, त्यात माझी हरवलेली दोन पोलकी सापडली आणि यजमानांनी लपवलेला शेवेचा पुडा सापडला, गोधडी सापडली नाही. एरवी यावर मी दोन दिवस बोलले असते. पण विहीणबाई खाली बसल्या होत्या आणि त्यांचा चेहरा बघून मी पुडा तसाच आत ठेवून दिला.

"तिचं दार उघडं व्हतं, ईनबाई," त्या म्हणाल्या. "उघडी गोधरी कुनाच्या हाताला लागली तं? कुनी पायपुसनं केलं असंल तं?"

"घरातून कुठे जाणार?"

"मंग कुटं हाय?"

खरं सांगायचं तर मला एक क्षण बरंही वाटलं. गोधडी सापडली नाही तर माप नाही, माप नाही तर नवी सुरू होणार नाही, नवी सुरू झाली नाही तर सोमवार टळेल. माणूस किती लहान लहान गोष्टींना लोंबकळतो.

तेवढ्यात प्रांजल आली. दुसऱ्या वेळेच्या सक्तीच्या विश्रांतीत तिची नोकरी सुटली होती, तेव्हापासून ती रोज चारच्या सुमाराला इथे येते. फोटो काढते, पार्सलं बांधते. दारातून तिने उघडा दिवाण बघितला, कपाट बघितलं, जमिनीवर बसलेल्या सासूला बघितलं.

"काय झालं?"

"काही नाही," यजमान म्हणाले. "टाचणी पडली."

"टाचणीसाठी दिवाण उघडलात, पप्पा?"

तिची नजर अभ्र्यावर गेली, मग त्या दोन गोधड्यांवर. तिने खांद्यावरची पर्स काढून खुंटीला लावली. सावकाश. मला वाटतं तिला तेव्हाच कळलं.

"पयली घावत नाय गं," विहीणबाई म्हणाल्या. सुनेशी बोलताना त्यांचा आवाज वेगळा होतो, लहान मुलाला भरवताना होतो तसा. तो आवाज ऐकला की माझी उरलीसुरली हिंमतही जाते. भांडकुदळ सासूला एखादी आई बोलू शकेल. अशा सासूला काय बोलणार?

"शोधू नका, आत्या," प्रांजल म्हणाली. सासूला ती आत्या म्हणते. "ती मी दिली."

"दिली? कुनाला?"

"पुण्याच्या एक बाई आहेत. फेसबुकवर बघून त्यांनी विचारलं होतं, बाळासाठी जुन्या कापडाची मिळेल का. मी आईच्या सगळ्या दाखवल्या. त्या म्हणाल्या, ह्या जुन्यासारख्या आहेत, जुन्या नाहीत."

"बाई हुशार हाय," विहीणबाई सवयीने म्हणाल्या, आणि मग रिकामा अभ्रा जवळ ओढला.

"मग मी ती दाखवली. आई तेव्हा बाजारात गेली होती. पप्पा झोपले होते."

"मी झोपलो नव्हतो," यजमान म्हणाले. "पडलो होतो."

"त्यांना ती फार आवडली. पाठवून दिली."

मी तिच्याकडे बघत होते. माझ्या पातळांची, लुगड्यांची, त्या अंगरख्याच्या खिशाची गोधडी माझ्या लेकीनं खाकी कागदात बांधून पोस्टात नेली होती आणि मला पत्ता नव्हता. रागवावं असं वाटलं. पण राग यायला जी जागा लागते ती छातीत सापडेना.

तिने मोबाइल काढला आणि विहीणबाईंच्या शेजारी जमिनीवर बसली. "हा बघा. त्यांनी फोटो पाठवलाय."

विहीणबाईंनी मोबाइल हातभर लांब धरला. मी त्यांच्या खांद्यावरून बघितलं. गोधडीवर एक तान्हं झोपलं होतं, मुठी आवळून, काळंभोर जावळ. त्याच्या टाचेखाली भावेशचा खिसा होता. कुणाच्या तरी घरात, कुठल्या तरी गादीवर ऊन पडलं होतं.

विहीणबाई कितीतरी वेळ बघत राहिल्या. बाळाकडे बघतायत असं मला वाटलं. पण त्यांचं बोट काचेवरून कडेकडेने सरकत गेलं आणि एका बाजूला येऊन थांबलं.

"ही बाजू कुनी शिवली?"

"मी," प्रांजल म्हणाली.

"तुला कुठं येतं शिवायला?" मी म्हटलं. इतकं सगळं बोलण्यासारखं असताना मी हे म्हटलं.

"नाहीच येत. बघ ना कसे टाके आलेत."

टाके खरंच वाईट होते. एक लांब, एक आखूड, मध्येच काठाबाहेर गेलेला. फोटोतसुद्धा दिसत होते. घरात दोन शिवणाऱ्या बायका असताना तिने तो काठ एकटीने बसून शिवला होता. आमच्यापैकी एकीलाही हाक मारली नव्हती.

विहीणबाईंनी मोबाइल खाली ठेवला. "आदी शिवली, का बाल झाल्यावर?"

"बाळ झाल्यावर. त्यांचे दिवस भरत आले होते तेव्हाच त्यांनी मागितली होती. मी म्हटलं, झालं की कळवा, मग पाठवते. त्यांना वाटलं असेल, काय विचित्र बाई आहे." प्रांजल जरा हसली. "मग त्यांचा फोन आला. मागे ते रडत होतं. मी म्हटलं, जरा फोन त्याच्याजवळ न्या. नीट ऐकलं. चांगलं खणखणीत रडत होतं, आत्या. मग बसले आणि शिवली."

तिने जमिनीवरचा मोबाइल उचलून बंद केला.

"रीत मोडली नाही मी. दार उघडंच ठेवलं होतं इतकी वर्षं. आलं कुणीतरी. दुसऱ्यांच्यात आलं, एवढंच."

खोलीत जळका वास आला. यजमानांनी इस्त्री एकाच चौकोनावर कितीतरी वेळ धरून ठेवली होती. त्यांनी ती उचलली तेव्हा गुलाबी फुलांच्या मधोमध तपकिरी त्रिकोण उमटला होता. जुना दिसला असता, पण जरा जास्तच. त्यांनी तो चौकोन हळूच शर्टाच्या खिशात घातला, जणू कुणी बघितलं नाही.

प्रांजलनं खाली पडलेला अभ्रा उचलला, नीट घडी घातली, परत मोडली.

"सोमवारी," ती म्हणाली आणि थांबली. माझ्याकडे बघितलं.

या वेळी मी कापडाकडे बघितलं नाही. देवाशपथ, मी तिच्याकडेच बघत होते. वाक्य तयार होतं. विहीणबाई, प्रांजल सोमवारी जाणार नाही. चार-पाच शब्दांचं तर वाक्य. मी तोंड उघडलं.

पण विहीणबाईच आधी बोलल्या. मांडीवरचं लुगडं त्यांनी गोळा केलं आणि तशाच बसून विचारलं, "भावेशनं हास्पिटलात फोन केला का, सोमवारी येतो म्हनून?"

"नाही अजून. संध्याकाळी करणार आहे."

"करू नको म्हनावं."

मला वाटलं, रागावल्या. गोधडी न विचारता दिली म्हणून रुसल्या, आता सोमवारच नको म्हणतायत. आणि मुलाची आई रागावली की मुलीच्या आईचं जे होतं ते माझं झालं. जुळवलेलं वाक्य कुठच्या कुठे गेलं. वर्षानुवर्षं घोटलेलं दुसरंच माझ्या तोंडातून बाहेर पडलं, गोड आवाजात, पदर सावरत.

"असं काय करता विहीणबाई, मन नका मोडू. लहान आहे, चुकली. सोमवारी जातील दोघं. यंदा होईल बघा सगळं नीट."

बोलले आणि मला ऐकू आलं मी काय बोलले ते.

प्रांजलनं मान फिरवून खिडकीबाहेर बघितलं. गॅलरीत चहात बुडवलेली कापडं वाळत होती, आणि त्यांच्यावरून शेजारच्या बाई आम्हाला नेहमी विचारतात, तुमच्याकडे धुण्याला साबण नसतो का. तिच्या गळ्याची शीर तट्ट ताणलेली मला दिसत होती. सात वर्षांची असताना डॉक्टरकडे इंजेक्शन घेताना अशीच मान फिरवायची. तेव्हा निदान मी तिचा हात धरत असे.

विहीणबाई माझ्याकडे बघत होत्या. रागाचं त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. खूप चालून आलेलं माणूस पायरीवर बसतं आणि आता उठायचं नाही असं ठरवतं, तशा दिसत होत्या.

"ईनबाई," त्या म्हणाल्या. पुटपुटल्या नाहीत. व्याही समोर असून त्यांचा आवाज नेहमीसारखा खाली गेला नाही. "मी दर वक्ताला नवी गोधरी काढते, ती काय आशा हाय म्हनून काढते? नाय काढली तं तुमी म्हनाल, सासूनं पोरीला टाकली. ती म्हनंल, आत्यानं मन काढून घेतलं. म्हनून काढते. तुमी 'यंदा होईल' म्हनता, मी 'यंदा होईल' म्हनते, आन् मधी ह्या पोरीला सुया."

"विहीणबाई..."

"बोलू द्या. परत नाय जमायचं." त्यांनी हात पुढे करून प्रांजलचं मनगट धरलं. प्रांजलनं मान वळवली नाही, पण हातही सोडवून घेतला नाही. "व्याह्यांना म्हाईत हाय. भावेशला म्हाईत हाय, माज्यासमोर खोटा हसतो तवा मना दिसतं. तुमाला म्हाईत हाय. मना तिसऱ्या वक्तालाच कललं व्हतं. आपल्याला नातवंड नाय होनार, ईनबाई. ह्या पोरीला पोर नाय होनार."